ड्रायव्हरची मुदत बिलावर लिहावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 या प्रणालीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. तेव्हापासून घरोघरचे जुने संगणक अडगळीत किंवा भंगारात जाऊ लागल्याबद्दल आपल्या दैनिकात वाचकांनी वेळोवेळी लिहिले आहे. त्या पत्रांतून संपूर्ण संगणकाची चर्चा झाली. मला त्यातल्या एकाच भागाबद्दल, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाबद्दल, लिहायचे आहे. ‘सपोर्ट संपला’ आणि ‘कार्ड गेले’ ही दोन वाक्ये आपल्याकडे दुकानांत सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. या गल्लतीमुळे धडधाकट कार्डे कचऱ्यात जातात आणि दुसरीकडे मुदत उलटलेली कार्डे नवी कोरी म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात पडतात. ‘सपोर्ट संपला’ याचा खरा अर्थ एवढाच, की कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनी आता सुधारत नाही. म्हणून ड्रायव्हरची ही मुदत कार्डाच्या बिलावर लिहावी, अशी माझी मागणी आहे आणि ती मी स्वतःच्या घरातील अनुभवावरून करीत आहे.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात 31 वर्षे टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालो आणि सिडकोत राहतो. माझी भाची पदविका अभ्यासक्रमाला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडेच असते. तिला संगणकावरचे खेळ तयार करायला शिकायचे आहे आणि त्यासाठी ती गोडो 4 हे मोफत मिळणारे साधन वापरते. घरातल्या जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला, म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही सुटे भाग घेऊन नवा संगणक जुळवला. त्यात रायझन 5 5600 हा प्रोसेसर, बी550 चिपसेटचा मदरबोर्ड, 16 जीबी रॅम आणि चांगल्या प्रतीचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, घेतला. एवढ्यात ठरवलेले पैसे संपले. ग्राफिक्स कार्ड मात्र आम्ही जुनेच ठेवले. ते एएमडीचे रेडिऑन एचडी 7850 आहे. ही चिप मार्च 2012 मध्ये बाजारात आली. 2 जीबी स्मृती, त्या स्मृतीकडे जाणारी 256 बिटांची रुंद वाट आणि 130 वॅटचा कमाल वीजवापर ही तिची मापे. जुन्या मशीनवर हे कार्ड शेवटच्या दिवसापर्यंत विनातक्रार चालत होते.

नव्या मशीनमध्ये ते लावले आणि पडदा काळाच राहिला. कार्डाचा पंखा फिरत होता, मदरबोर्डवर ‘व्हीजीए’ असे लिहिलेला छोटा दिवा पेटून राहिला होता आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवत होता. दुकानात नेले, तर तिथल्या तरुणाने दोन मिनिटांत निकाल दिला, “काका, कार्ड उडालंय. तसाही याचा सपोर्ट संपलाय, नवीन घ्या.” त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, कारण त्यालाही तसेच शिकवलेले असावे. पण टूलरूममध्ये आम्हाला पहिली शिस्त ही लागली होती की, एखादा भाग बाद करण्याआधी तो दुसऱ्या मशीनवर चढवून बघायचा. इंदिरानगरला राहणाऱ्या एका मित्राकडे त्याच काळातला संगणक आहे. त्यात हेच कार्ड लावताच पहिल्या झटक्यात चित्र आले. म्हणजे कार्ड उडाले नव्हते. नवा मदरबोर्ड आणि जुने कार्ड यांची भाषा जुळत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

ही भाषा म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. संगणक सुरू होतो तेव्हा विंडोज किंवा लिनक्स जागे होण्याच्या बरेच आधी मदरबोर्डावरचा फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरून ठेवलेला मूळ प्रोग्राम, कार्डाशी बोलतो आणि त्याला पडद्यावर पहिली अक्षरे उमटवायला सांगतो. पूर्वी हे काम बायोसच्या जुन्या पद्धतीने चाले. नंतर यूईएफआय ही नवी पद्धत आली आणि तिच्यात कार्डाने ‘ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल’, म्हणजे जीओपी, नावाच्या ठरावीक रीतीने उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. 2012 च्या सुमाराच्या अनेक कार्डांच्या चिपमध्ये हे उत्तर भरलेलेच नसते, कारण तेव्हा त्याची गरज पडत नव्हती. अशा जुन्या कार्डांसाठी मदरबोर्डात ‘कम्पॅटिबिलिटी सपोर्ट मॉड्यूल’, थोडक्यात सीएसएम, नावाची दुभाष्याची सोय असते. इंटेलने 2017 मध्येच जाहीर केले होते की, ही जुनी सोय 2020 पर्यंत काढून टाकायची आहे. आताचे मदरबोर्ड कारखान्यातून येतात तेव्हा त्यांत सीएसएम बहुतेक बंदच असते, आणि काहींमध्ये ते मुळात नसतेच. आमच्या मदरबोर्डात ते होते, पण बंद होते.

मग ते चालू करायचे, यात अवघड काय, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी की, सीएसएम चालू करायला बायोसच्या पडद्यावर जावे लागते आणि पडदा तर दिसतच नाही. ज्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची स्वतःची सोय असते, तिथे केबल मदरबोर्डाच्या खाचेत लावून हे काम होते. रायझन 5 5600 मध्ये ती सोय नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते, त्यांतही ती नसते. भाग निवडताना आम्हाला हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. अखेर आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या संगणकातले एनव्हिडियाचे लहानसे जीटी 710 कार्ड अर्ध्या तासासाठी मागून आणले. त्याने लगेच काढून दिले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. ते लावताच पडदा उजळला. बायोसमध्ये बूटच्या पानावर सीएसएम चालू केले, त्याखालच्या व्हिडिओच्या पर्यायात ‘लेगसी’ निवडले, जतन केले, वीज बंद केली आणि आमचे कार्ड परत बसवले. चित्र आले. सीएसएम चालू ठेवले की सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बंद ठेवावी लागते. ती किंमत आम्ही समजून उमजून मोजली.

इथे एक धोका आहे आणि तो मी ठळकपणे सांगू इच्छितो. मदरबोर्डावरची सीआर2032 ही नाण्यासारखी बॅटरी संपली, कोणी सीएमओएस रिसेट करून मदरबोर्ड मूळ जुळणीवर आणला किंवा बायोस अद्ययावत केला, तर ही जुळणी पुसली जाऊन सीएसएम पुन्हा बंद होऊ शकते. त्या दिवशी पडदा पुन्हा काळा होईल आणि पुन्हा कोणीतरी म्हणेल, कार्ड उडाले. म्हणून मी एका कागदावर ही सगळी जुळणी मराठीत लिहून, बॅटरी बसवल्याची तारीख घालून, तो कागद कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिकटवला आहे. कारखान्यात प्रत्येक मशीनच्या पॅनेलच्या दाराला आतून जसा नकाशा लावलेला असे, तसाच.

चित्र आले म्हणजे काम संपले, असे मला वाटले होते. ते तसे नव्हते. रेडिऑन एचडी 7000 पासून आर9 फ्युरीपर्यंतच्या कार्डांना एएमडीने जून 2021 मध्ये आपल्या नियमित ड्रायव्हरमधून वगळले. त्यामुळे विंडोजऐवजी आम्ही लिनक्स मिंट 22 ही मोफत प्रणाली घातली. चित्र पूर्ण मापात आले, अक्षरे स्वच्छ दिसली, फ्रीकॅड या यंत्रभागांचे आराखडे काढण्याच्या साधनातला नमुना हवा तसा गोल फिरला. पण भाचीने गोडोमध्ये आपला प्रकल्प उघडला आणि मशीन रांगू लागले. प्रोसेसरचा पंखा जोरात ओरडत होता आणि ग्राफिक्स कार्डाला हात लावला तर ते कोमट होते. माझ्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी खूण होती. काम ज्याने करायचे तो थंड आणि ज्याचे ते काम नाही तो तापलेला, असे दिसले की आम्ही कारखान्यात आधी पट्टा बघायचो.

इथे पट्टा म्हणजे ड्रायव्हर. गोडो 4 आपले पूर्ण ताकदीचे चित्रण व्हल्कन नावाच्या पद्धतीने करते. एचडी 7850 च्या चिपला व्हल्कन येते. परंतु लिनक्समध्ये या पिढीसाठी दोन ड्रायव्हर आहेत. एक जुना, नाव रेडिऑन, आणि दुसरा नवा, नाव एएमडीजीपीयू. व्हल्कनची सोय फक्त दुसऱ्यावर चालते. आमच्या मिंटमध्ये या कार्डाला आपोआप जुना ड्रायव्हर मिळाला होता, त्यामुळे व्हल्कनची मागणी आली की ती कार्डाकडे न जाता एलएलव्हीएमपाइप नावाच्या पर्यायाकडे जात होती, आणि तो सगळे चित्र प्रोसेसरकडूनच रंगवून घेतो. जोडलेल्या भागांची यादी दाखवणारी एक साधी आज्ञा टर्मिनलमध्ये दिली की कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते एका ओळीत दिसते. ती ओळ पाहायला मला तीन दिवस सुचले नाही, याची खंत वाटते. त्या तीन दिवसांत मी एसएमपीएस बदलायला निघालो होतो.

उपाय दोन शब्दांचा निघाला. एएमडीच्या या पिढीचे सांकेतिक नाव ‘सदर्न आयलंड्स’, थोडक्यात एसआय. संगणक सुरू होताना कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दोन सूचना द्यायच्या: जुन्या रेडिऑन ड्रायव्हरने एसआय पिढी सोडून द्यावी आणि नव्या एएमडीजीपीयूने ती हाती घ्यावी. या सूचना ग्रब या लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहायच्या, ग्रब ताजे करायचे आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. त्यानंतर व्हल्कनच्या यादीत आमच्या कार्डाचे नाव ‘पिटकेर्न’ या चिपच्या नावासह उमटले. पिटकेर्न हे प्रशांत महासागरातले एक चिमुकले बेट आहे आणि ते नाव पडद्यावर पाहून भाचीला झालेला आनंद मी विसरणार नाही. तिचा तोच प्रकल्प तोच देखावा सहज फिरवू लागला आणि प्रोसेसरचा पंखा शांत झाला.

हे शक्य का झाले, हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते. एएमडीने 2006 मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर 2007 मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपची तांत्रिक माहिती खुल्या ड्रायव्हरसाठी देण्याचे जाहीर केले. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर 2015 मध्ये लिनक्सच्या 4.2 या कर्नेलमध्ये आला, एसआय पिढीला त्यात प्रायोगिक जागा 2016 अखेरच्या 4.9 मध्ये मिळाली, आणि व्हल्कनसाठीचा आरएडीव्ही हा ड्रायव्हर तर कंपनीबाहेरच्या दोन प्रोग्रामरांनी 2016 मध्ये सुरू केला. आता 6.19 या कर्नेलपासून या जुन्या कार्डांना एएमडीजीपीयू आपोआप मिळू लागला आहे, म्हणजे आम्ही हाताने घातलेल्या दोन सूचनांचीही गरज पुढे राहणार नाही. कंपनीने स्वतः हात काढून घेतल्यानंतर इतक्या वर्षांनीही 2012 च्या चिपची देखभाल चालू आहे, आणि त्याचे कारण एकच, की माहितीचे दार वेळेवर उघडले गेले. ज्या माणसांनी हे काम केले त्यांना आपल्या सिडकोतल्या एका घराचा पत्ता नाही, पण त्यांच्या कामामुळे आमचे काही हजार रुपये वाचले.

दार बंद राहिले तर काय होते, त्याचे उदाहरणही याच बाजारात आहे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूव्हो’ नावाचा खुला ड्रायव्हर स्वयंसेवकांनी चिपचे वागणे निरखून, उलट बाजूने शोध घेत तयार केला. परंतु जीटीएक्स 900 च्या पिढीपासून कार्डाचा वेग वाढवायला कंपनीच्या सहीचे फर्मवेअर लागते. त्यामुळे 900 आणि 1000 या पिढ्यांची कार्डे नूव्होवर सुरू तर होतात, पण सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकून राहतात. चौथ्या गिअरची गाडी पहिल्यावर चालवण्यासारखेच ते आहे. मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नेलचा भाग खुला केला, तो 1000 नंतर आलेल्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांपुरता. आपल्याकडे अनेक घरांत असलेले जीटीएक्स 1050 टीआय हे ऑक्टोबर 2016 चे कार्ड त्याच्या अलीकडे राहिले. त्या पिढीसाठी 580 ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे. नियमित सुधारणा ऑक्टोबर 2025 मध्ये थांबल्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळणार आहेत. ज्यांच्याकडे हे कार्ड आहे आणि जे लिनक्स वापरतात, त्यांनी ड्रायव्हर आपोआप 590 वर जाऊ देऊ नये, 580 वरच धरून ठेवावा. तेवढ्या एका काळजीने कार्ड पुढची अडीच वर्षे तरी नीट चालेल.

विंडोजवर राहणाऱ्यांना इंटरनेटवर अनोळखी लोकांनी फेरफार करून ठेवलेले ड्रायव्हर सापडतात. ते घालण्यासाठी विंडोजची सही तपासण्याची व्यवस्था बंद करावी लागते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ड नीट चालण्यात ड्रायव्हरइतकाच वाटा उष्णतेचा असतो. हीटसिंकचे चार स्क्रू काढले तेव्हा आतली पेस्ट वाळून खडूसारखी झालेली होती आणि पंखा व पत्र्यांच्या मधे धुळीची जाड पट्टी बसली होती. साफ करून नवी पेस्ट लावल्यावर पूर्ण भारावरचे तापमान 88 अंशांवरून 69 अंशांवर आले. वीजजोडणीचे गणितही सरळ आहे. मदरबोर्डाच्या खाचेतून 75 वॅट आणि 6 पिनांच्या जोडातून आणखी 75 वॅट, असे 150 वॅट मिळतात आणि कार्डाला 130 पुरतात. फक्त तो जोड एसएमपीएसचा मूळचा असावा, मोलेक्स या जुन्या प्रकारच्या जोडावरून ओढलेला नसावा.

जुन्या कार्डाची मी उगाच तारीफ करणार नाही. 2 जीबी स्मृती आज तोकडी पडते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या साधनामध्ये चित्र पाहता येते, पण अंतिम चित्र रंगवणाऱ्या त्याच्या सायकल्स या रेंडररचे काम या कार्डावर होत नाही, ते प्रोसेसरवरच करावे लागते. व्हीपी9 आणि एव्ही1 या नव्या पद्धतींचे व्हिडिओ कार्ड उलगडू शकत नाही, तो भारही प्रोसेसर उचलतो. रोज चार तास पूर्ण भार धरला तर महिन्याला साधारण साडेपंधरा युनिट वीज एकट्या कार्डाला लागेल. ज्याला हे चालणार नाही त्याने नवे कार्ड जरूर घ्यावे. शिकणाऱ्या मुलांना मात्र पहिली दोन-तीन वर्षे यात काही कमी पडत नाही, हे मी समोर बसून पाहिले आहे.

आता मूळ मागणीकडे येतो. झेरॉक्सवाल्याकडून आणलेल्या जीटी 710 बद्दल वाचताना मला एक गोष्ट कळली. जीटी 710 आणि जीटी 730 ही कार्डे अजूनही सीलबंद खोक्यात नवी म्हणून विकली जातात. त्यांतील केप्लर पिढीचे नियमित ड्रायव्हर 2021 मध्ये थांबले, 470 ही त्यांची शेवटची मालिका, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर 2024 पर्यंतच होत्या. त्याहून वाईट म्हणजे जीटी 730 या एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. 384 कोअरचा नमुना केप्लरचा आहे, तर 96 कोअरचा आणि 128 बिटांचा नमुना त्याआधीच्या फर्मीचा, ज्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या जानेवारी 2019 मध्येच संपल्या. खोक्यावर नाव तेच, पण आतला माल वेगळा. पंचवटीत किंवा देवळाली गावात एखादा पालक मुलासाठी हे कार्ड आज घेईल, तर तो नव्या मालाचे पैसे मोजून पहिल्याच दिवशी मुदत संपलेली वस्तू घरी नेईल. औषधाच्या पट्टीवर तारीख छापलेली असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते, घरगुती गॅसच्या सिलिंडरवरही तपासणीची तिमाही रंगवलेली असते. मग ज्या वस्तूचे सारे काम ड्रायव्हरवर अवलंबून आहे, तिच्यावर ड्रायव्हरची मुदत का नसावी?

माझी विनंती शहरातील संगणक विक्रेत्यांना आहे. कॉलेज रोड असो वा महात्मा गांधी रस्ता, ग्राफिक्स कार्डाच्या बिलावर चिपची पिढी, त्या क्षणी लागू असलेली ड्रायव्हरची मालिका आणि कंपनीने जाहीर केलेली मुदत, एवढा मजकूर लिहावा. सुटे भाग जुळवून देताना प्रोसेसरमध्ये स्वतःची ग्राफिक्स सोय आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे. जुने कार्ड दुरुस्तीला आले तर ‘उडाले’ म्हणण्याआधी ते एका जुन्या मदरबोर्डावर लावून पाहावे आणि बिघाड विजेचा आहे, फर्मवेअरचा आहे की ड्रायव्हरचा, ते कागदावर लिहून द्यावे. त्यासाठी दुकानात एक जुना चालू संगणक बाजूला ठेवला तरी पुरे. अशा तपासणीचे शंभर-दोनशे रुपये घ्यायलाही काही हरकत नाही. मी स्वतः ते आनंदाने दिले असते.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि वस्तूचा दर्जा व प्रत यांची माहिती मिळण्याचा हक्क त्यात ग्राहकाला दिलेला आहे. 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही त्यामागची चार क्षेत्रे. त्यांत संगणकाचे सुटे भाग घालावेत आणि ‘दुरुस्ती’ या शब्दात ड्रायव्हर व फर्मवेअर धरावेत. कंपनीने एखाद्या पिढीची देखभाल थांबवली, तर तिचा शेवटचा ड्रायव्हर आणि जीओपीसह असलेला फर्मवेअर कायम उपलब्ध ठेवण्याचे बंधन तिच्यावर असावे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकतात, ते योग्यच आहे. पण चालणारी वस्तू कचरा होण्याआधी वाचवता आली, तर तांबे, शिसे आणि सोन्याचा मुलामा तिच्यातून पुन्हा वेगळा काढण्याची वेळच येत नाही.

आणखी एक सुचवतो. नाशिकमध्ये तंत्रनिकेतने आणि आयटीआय आहेत, आणि त्यांतल्या प्रयोगशाळांतून दरवर्षी जुने संगणक निकाली निघतात. ते लिलावात काढण्याआधी विद्यार्थ्यांना आठवडाभर द्यावेत. कोणते कार्ड कोणत्या मदरबोर्डावर सीएसएमशिवाय चित्र देते, कोणत्याला कोणता ड्रायव्हर लागतो, याची नोंदवही त्यांनी मराठीत तयार करावी. अशी नोंद माझ्या हाताशी असती, तर माझे तीन दिवस आणि एसएमपीएससाठी काढून ठेवलेले पैसे या दोन्हींची काळजी मिटली असती. भाचीने आमच्या कार्डाची नोंद एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवली आहे, आणि तिच्या वर्गातील दोघांनी आपापली जुनी कार्डे पुढच्या रविवारी आमच्याकडे तपासायला आणायचे कबूल केले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कारागीर
सिडको, नाशिक